केळ्याला दोरी बांधणारा मानसोपचार

महोदय,
मानसोपचारातली सर्जनशीलता म्हटलं, की लोकांना रंग आणि संगीतच आठवतं. तेही हवंच, पण न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती पाहा; त्रास देणारे अविवेकी विचार तर्काने तपासून बदलायचे, ही तिची रीत. वरवर तर्ककठोर वाटणाऱ्या या पद्धतीत लाजेचा पगडा सैल करण्यासाठी केळ्याला दोरी बांधून ते भर रस्त्यात कुत्र्यासारखं फिरवण्याचा 'गृहपाठ' असे. किंवा भुयारी रेल्वेत स्थानकांची नावं मोठ्याने पुकारायची. (आपल्या लोकलच्या गर्दीत कुणी मान तरी वळवेल का, शंकाच आहे!) लोक हसतात, पण आभाळ कोसळत नाही, हे माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. प्रचलित चालींवर एलिस विनोदी गाणीही रचत.

मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी हा विचार मराठीत रुजवला. मात्र न्यूयॉर्कचा गृहपाठ साताऱ्याकडच्या सासुरवाशिणीला जसाच्या तसा कसा देणार? लहान गावात हसणारे लोक उद्याही भेटतात, सासरपर्यंत बातमी पोचते. तिथे समुपदेशकाला तिच्या बेताचं काही नवं सुचावं लागतं. प्रशिक्षणात छापील प्रश्नावल्या भरपूर. अशा युक्त्या रचण्याचा सराव मात्र फारसा दिसत नाही. अनुभवी समुपदेशकांच्या देखरेखीखाली त्यालाही तास मिळावेत.

— एक वाचक, ठाणे