मंत्रिमहोदय, आमच्या लेखन कक्षाची किल्ली कुणाकडं आहे?

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

सोमवारी माझा एम.ए.चा प्रकल्प परत आला. पहिल्या पानावर लाल पेनानं दोनच शब्द: ‘भाषा सुधारा’. 40 पानांत कुठली, कशी, काही नाही. कॉलेजनं गेल्या वर्षी फीत कापून ‘लेखन कक्ष’ उघडला होता, म्हणून तिकडं धावले. कुलूप! खिडकीतून बघितलं तर गॅदरिंगचे पडदे आणि मोडके बेंच.

मी विडी घरकुलात राहते. घरात तेलुगू, बाजारात कन्नड, वर्गात पुस्तकी मराठी. आई दिवसाला हजार विड्या वळते. त्यातल्या काही छाट, म्हणजे बाद, निघाल्या तर तिला दाखवतात तरी, ही सैल, ही बारीक. विडीला मिळतं तेवढंही माझ्या पानांना मिळू नये? रात्री दोनपर्यंत जागून लिहिलंय हो, तिच्या सुपाशेजारी. कागदांना अजून तंबाखूचा वास येतो.

लेखन कक्ष म्हणजे शुद्धलेखन तपासायचं दुकान नव्हे. आपला कच्चा मसुदा आणायचा, मोठ्यानं वाचायचा, समोरच्या विद्यार्थ्यानं विचारायचं, ‘इथं तुला नेमकं काय म्हणायचंय?’ पेन मात्र लिहिणाऱ्याच्याच हातात. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात हे 1976 पासून चालतं. हरियाणात अशोका विद्यापीठातही आहे. तिथली फी घरी सांगितली नाही, आई घाबरेल. आम्ही चौघींनी जिन्याखाली बसून हेच केलं, तर शिपायानं ‘गप्पा मारायच्या तर बागेत जावा’ म्हणून उठवलं. झालं विद्यार्थीकेंद्री शिक्षण!

मागणी एवढीच: खोली उघडा आणि वरच्या वर्गातल्या दोघांना ‘कमवा व शिका’तून तासाचे पैसे द्या. झाडांना पाणी घालायला त्या योजनेत पैसे निघतात, मग वाक्यं ऐकायला का नाही? सरांकडं जावं तर निम्मे सर तासिका तत्त्वावर, निम्म्याहून जास्तच असतील, मी काय मोजत बसले नाही. ते तास संपला की दुसऱ्या कॉलेजकडं पळतात, त्यांना तरी काय बोलायचं? राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर घाला असं कोठारी आयोगानं 1966 मध्ये सांगितलं, 2020 च्या धोरणानं परत तेच लिहिलं. 54 वर्षं एकच वाक्य उतरवून काढताय, तुम्हाला कुणी ‘सुधारा’ म्हणत नाही. 2024 मध्ये मराठी अभिजात झाली म्हणे. पेढे आमच्या गल्लीपर्यंत आले नाहीत.

प्रकल्प परत द्यायला 15 दिवस आहेत. किल्ली क्लार्ककडं आहे, आणि क्लार्क रजेवर.

आपली,
एम.ए. भाग 2 ची एक विद्यार्थिनी, सोलापूर