हुकूमनामा माझ्या हातात, घर त्याच्या बायकोच्या नावावर: विधी व न्याय मंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
माननीय विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

१७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. त्यासाठी इथल्या वकिलांनी चार दशके आंदोलन केले होते. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या पक्षकारांची आता मुंबईची रात्रीची गाडी टळली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण माझे काम अपिलाचे नाही. मी दावा जिंकलेली आहे, पैसे द्या असा कोर्टाचा हुकूमनामा माझ्या हातात आहे. माझे काम वसुलीचे आहे, आणि ते जिल्ह्यातल्या एका दिवाणी कोर्टात दरखास्तीवर, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जावर, अडले आहे. बेंच कितीही जवळ आले तरी जप्तीचे वॉरंट घेऊन शेवटी बेलीफच, म्हणजे कोर्टाचा कर्मचारीच, जातो.

माझ्या यजमानांचे उद्यमनगरात टर्निंगचे छोटे वर्कशॉप होते. ते बंद केल्यावर लेथ आणि बाकीची मशिनरी विकून आलेली रक्कम, तिच्यात आयुष्यभराची शिल्लक घालून, त्यांनी एका जुन्या ओळखीच्या व्यावसायिकाला १८ लाख रुपये दिले. सगळे बँकेतून दिले. रेव्हेन्यू स्टॅम्प लावून प्रॉमिसरी नोट करून घेतली. मुदत वर्षाची होती. मुदत टळली, मग "ऊसबिलं निघू देत", मग "दिवाळी होऊ दे", मग फोन उचलणेच बंद. पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी यजमानांनी समरी दावा लावला.

समरी दावा म्हणजे झटपट निकाल, असे कायद्याच्या पुस्तकात आहे. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत प्रतिवादीने हजर व्हायचे, बचाव करायचा तर कोर्टाची परवानगी घ्यायची. पण ते १० दिवस समन्स बजावल्यानंतर सुरू होतात आणि समन्स चुकवणे ही एक कलाच झालेली आहे. शेवटी हजर झाल्यावर त्याने बचाव घेतला की ही बेकायदा सावकारी आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा शेतकऱ्याला खासगी सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी केलेला कायदा. एकदा विश्वासाने दिलेले हातउसने म्हणजे सावकारीचा धंदा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तरी हा बचाव सर्रास घेतला जातो, कारण तेवढ्यावर तारखा पडत राहतात. अखेर हुकूमनामा आमच्या बाजूने झाला. मुद्दल, खर्च आणि रक्कम फिटेपर्यंत सहा टक्के व्याज.

या सहा टक्क्यांपाशी जरा थांबते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ नुसार, व्यापारी व्यवहार नसेल तर हुकूमनाम्यानंतर याहून जास्त व्याज देता येत नाही, आणि तेही सरळव्याज. बिनतारण कर्ज इतक्या स्वस्तात सहसा कोणतीही बँक देत नाही. म्हणजे हुकूमनामा झाल्यावर पैसे न देणे हेच देणेकऱ्याला बाजारातले सर्वांत स्वस्त कर्ज ठरते. तो चुकवेगिरी करतो म्हणून आपण त्याला नावे ठेवतो, पण हिशेबाने बघितले तर चुकवणेच त्याच्या फायद्याचे आहे, आणि तो फायदा त्याला कायद्याने दिला आहे.

हुकूमनाम्यानंतर थोड्याच काळात यजमान वारले. दरखास्त दाखल व्हायची होती. मग आधी सक्सेशन सर्टिफिकेट आणा, कारण मृताच्या येणे रकमेची वसुली त्याशिवाय कोर्ट चालवू शकत नाही. ती अट मला समजते, उद्या कोणीही वारस म्हणून उभा राहील. मी ते सर्टिफिकेट आणले, दरखास्त दाखल केली, आणि खरी लढाई तिथून सुरू झाली.

दरखास्तीत देणेकऱ्याच्या मालमत्तेचा तपशील मी द्यायचा. त्याची बँक कोणती, खाते कोणत्या शाखेत, जमीन कोणत्या गटात, गाडी कोणाच्या नावावर, हे सगळे मी शोधायचे. मी साठी ओलांडलेली बाई आहे. मला सातबारा ऑनलाइन काढता येतो, पण त्यासाठी गाव आणि गट नंबर आधी ठाऊक असावा लागतो. बँक मला खात्याची माहिती देणार नाही, आणि देऊही नये. बेलीफ वॉरंट घेऊन गेला. अहवाल आला की घर पत्नीच्या नावावर आहे आणि जप्तीयोग्य मालमत्ता आढळली नाही.

ते घर दावा चालू असतानाच बक्षीसपत्राने पत्नीच्या नावावर झाले होते. आपल्या राज्यात राहते घर पती, पत्नी किंवा मुलांना बक्षीस द्यायला २०० रुपये मुद्रांक शुल्क लागते. ही सवलत कुटुंबांसाठी चांगली आहे, ती काढा असे मी म्हणणार नाही. पण तेच बक्षीसपत्र घेणेकऱ्याला बुडवण्यासाठी केले हे सिद्ध करायचे तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली मला पुन्हा लढावे लागणार. जमिनीच्या वादात प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येते. पैशाच्या दाव्याला ती सोय नाही. निकालापूर्वी जप्तीचा अर्ज करता येतो, हे खरे, पण त्यासाठी तो मालमत्ता लांबवतो आहे हे आधी दाखवावे लागते, आणि ते आम्हाला कळले तेव्हा दस्त नोंदवून झाला होता.

लोकअदालतीतही बसले. "मुद्दल घ्या, व्याज सोडा, हप्ते बांधून घ्या" असा सल्ला मिळाला. हप्ता थकला की त्या निवाड्याचीही पुन्हा दरखास्तच करायची, म्हणून मी नाही म्हटले.

मंत्रीमहोदय, गरीब देणेकऱ्याला तुरुंगात टाका असे मी म्हणत नाही. ज्याच्याकडे खरेच काही नाही त्याला केवळ देता येत नाही म्हणून कैदेत टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले, आणि ते योग्यच आहे. कारागिराची अवजारे, शेतकऱ्याचे राहते घर जप्तीतून वगळणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० सुद्धा योग्य आहे. माझे यजमान स्वतः कारागीर होते. माझी तक्रार आहे ती ऐपत असून न देणाऱ्याबद्दल. ऐपत आहे की नाही, हे शोधण्याचे काम कोर्टाचे असायला हवे, माझे नाही.

पतसंस्थेचे कर्ज थकले तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि वसुली अधिकारी कामाला लागतो. बँकेसाठी सरफेसी कायदा आहे, कर्जवसुली न्यायाधिकरण आहे. शासनाचे देणे तहसीलदार जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करतो. साध्या माणसाने घामाचे पैसे कोणाला दिले तर त्याच्यासाठी १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आणि एक बेलीफ, ज्याच्याकडे इतर कामांचाही ढीग आहे. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच नोंदवून ठेवले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२१ रोजी राहुल शाह प्रकरणात निर्देश दिले की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली निघावी. पैशाच्या दाव्यात वादाचे मुद्दे कोर्टाने ठरवण्याआधीच प्रतिवादीकडून मालमत्तेचे शपथपत्र घेता येईल, असेही त्यात आहे. त्यानुसार नियम सुधारायला उच्च न्यायालयांना वर्षाची मुदत दिली होती. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आकडे मागवावे लागले. ते आले तेव्हा देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती तुंबलेल्या होत्या, आणि सर्वांत जास्त, ३ लाख ४० हजारांच्या वर, आपल्या महाराष्ट्रात.

हा विषय न्यायालयांचा आहे, असे उत्तर कृपया देऊ नका. उच्च न्यायालयाने केलेल्या प्रक्रियेच्या नियमांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १२६ नुसार राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते. दिवाणी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणजे तिच्यावर राज्यालाही कायदा करता येतो. बेलिफांची पदे आणि त्यांचा पैसा तुमच्याच खात्यातून जातो.

म्हणून मागते ते असे. हुकूमनामा होताच देणेकऱ्याने मालमत्तेचे शपथपत्र द्यावे, ते न दिल्यास त्याच संहितेच्या आदेश २१ नियम ४१ मधली तीन महिन्यांपर्यंतची दिवाणी कैद प्रत्यक्षात यावी. त्याने लिहिलेले खरे की खोटे हे तपासायला दरखास्त चालवणाऱ्या कोर्टालाच नोंदणी विभाग, भूमी अभिलेख आणि परिवहन कार्यालयाच्या नोंदी पाहता याव्यात. ही सगळी माहिती शासनाच्याच संगणकावर आहे. पैशाचा दावा दाखल झाला की प्रतिवादीच्या नावाने नोंदणी विभागात सूचना लागावी, म्हणजे २०० रुपयांच्या मुद्रांकावर घर हलवण्याआधी निदान कोर्टाला कळेल. प्रत्येक जिल्ह्यात फक्त दरखास्तींसाठी एक कोर्ट असावे. आणि कलम ३४ मधले सहा टक्के राज्यापुरते बदलण्यासाठी विधेयक आणावे. राष्ट्रपतींच्या संमतीने ते करता येते.

कोल्हापुरात आजही व्यवहार शब्दावर चालतो. गुळाच्या अडतीत, हुपरीच्या चांदीच्या धंद्यात, इचलकरंजीच्या मागवाल्यांत, गल्लीगल्लीतल्या भिशीत. दरखास्तीतून पैसे निघत नाहीत हे एकदा माहीत झाले की लोक वसुलीसाठी दुसरी माणसे गाठतात. माझ्याकडेही असा निरोप आला होता, "काकी, निम्मे आमचे, निम्मे तुमचे, महिन्यात आणून देतो." मी नको म्हटले. माझ्यासारख्या सगळ्यांनाच असे नको म्हणणे परवडेल असे नाही.

राहुल शाह निकालाप्रमाणे महाराष्ट्रात नियमदुरुस्तीचे काम आज कोणत्या टप्प्यावर आहे, प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे आला आहे का, आणि आला असेल तर कोणत्या तारखेपासून पडून आहे, हे येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावे, ही विनंती.

आपली,
कोल्हापूरची एक हुकूमनामाधारक