फोंड्याच्या मेस्तांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मेस्त,

सप्रेम नमस्कार.

चतुर्थीनंतर आपण माझ्या गाडीचे दोन्ही हेडलाइट दुरुस्त करून दिलेत, त्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. हे आभार जाहीरपणे मानण्याचे कारण असे की डिचोली, सत्तरी आणि धारबांदोडा भागांतील कित्येक गाड्यांचे दिवे याच अवस्थेत दिसतात, आणि आपण मला जे समजावून सांगितलेत ते त्यांच्या मालकांनाही उपयोगी पडणारे आहे.

अन्यत्र मला दोन्ही दिवे नवे बसवण्याचाच सल्ला मिळाला होता. आपण मात्र टॉर्चच्या उजेडात आधी नुकसान कोठे आहे ते पाहिलेत. हल्लीच्या हेडलाइटचे आवरण पॉलिकार्बोनेटचे असते आणि त्यावर कारखान्यातच एक अतिशय पातळ संरक्षक थर दिलेला असतो. उन्हातील अतिनील किरणांनी तो थर खराब झाला की खालचे प्लास्टिक पिवळे आणि धुरकट पडू लागते. (जुन्या मारुती 800 च्या हेडलाइटची काच खडा लागून फुटत असे, पण पिवळी कधी पडली नाही!) खनिजवाहू ट्रकांच्या मागून आणि नव्याने डांबर घातलेल्या रस्त्यांवरून जाताना उडणारी खडी व रेती याच आवरणावर बारीक खळगे पाडते. त्या खळग्यांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून चोर्ला घाटातल्या धुक्यात आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरच्या चालकाचे डोळे मात्र दिपतात.

पिवळेपणा पूर्ण जाईल, ओरखडे बहुतेक जातील, पण खोल खळगे राहतील, असे आपण काम हाती घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगितलेत. तो प्रत्येक खळगा घासून काढायचा तर आवरण नको तितके पातळ होईल आणि त्याचा आकार बिघडून प्रकाशाचा झोतही वाकडा पडेल, हे कारण मला पटले. मला सर्वांत मोलाचा वाटला तो हा स्पष्टपणा. अमेरिकेतील ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने 2018 मध्ये केलेल्या चाचण्यांत धुरकट झालेले दिवे नव्या दिव्यांच्या जेमतेम 20 टक्के प्रकाश देत होते, आणि दुरुस्तीनंतर तो सुमारे 70 टक्क्यांपर्यंत आला होता. आपण अनुभवावरून सांगितलेली मर्यादा या आकड्यांशी जुळते.

प्रत्यक्ष कामातील आपली चिकाटी पाहण्यासारखी होती. बंपर आणि बॉनेटच्या कडांना मास्किंग टेप लावून आपण भरपूर पाण्यासह 800 नंबरच्या वॉटर पेपरने (ओल्याने घासायच्या सँडपेपरने) सुरुवात केलीत. पिवळट पाणी ओघळायचे थांबून पांढरे येऊ लागेपर्यंत, म्हणजे जुना थर कडांपासून पूर्ण निघेपर्यंत, पुढचा पेपर हाती घेतला नाहीत. त्यानंतर 1000, 1500, 2000 आणि 3000 असे अधिकाधिक बारीक पेपर घेत चढत जाताना दर वेळी घासण्याची दिशा बदललीत, जेणेकरून आधीच्या पेपरचे ओरखडे राहिले तर लगेच दिसावेत. रबिंग कंपाउंड लावून बफिंग करतानाही, प्लास्टिक तापू नये म्हणून मशीन मुद्दाम हळू फिरवलेत.

टूथपेस्टने घासले तर चमक येते, पण संरक्षण शून्य, त्यामुळे काही काळातच पिवळेपणा परततो, हेही आपल्याकडूनच समजले. रसायनाची वाफ देऊन झटपट चकाकी आणणारे किट वापरण्यास तर आपण साफ नकार दिलात, कारण त्या वाफेने प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळतो आणि पुढे त्याला बारीक तडे जाण्याची भीती असते. घासल्यावर उघड्या पडलेल्या प्लास्टिकवर अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप, चढवणे हा आपल्या दृष्टीने कामाचा मुख्य भाग होता. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत तो पांढुरका पडू शकतो, म्हणूनच आपण मला पाऊस ओसरेपर्यंत थांबवलेत. हार्डनर (लेप कडक करणारे रसायन) मिसळलेल्या क्लिअर कोटची वाफ छातीला बाधते, म्हणून फवारणीच्या वेळी शेडबाहेरही काढलेत. त्या कोटाने बारीक खळगे बरेचसे भरून आले.

कोट पुरता वाळल्यानंतर खडीच्या माऱ्यापासून बचावासाठी आपण वर पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) ही संरक्षक फिल्मही लावून दिलीत. काळसर फिल्म लावा, असा माझ्या मुलाचा आग्रह होता. प्रकाश कमी करायचा तर दिवे घासलेच कशाला, या आपल्या प्रश्नावर तो गप्प झाला, त्याबद्दलही आपले आभार.

आपण सांगितल्याप्रमाणे दिव्यांवरची तांबडी धूळ कोरड्या फडक्याने न पुसता आधी पाण्याने धुऊन काढतो आणि फिल्मच्या कडा अधूनमधून तपासतो. डाव्या दिव्याच्या खालच्या कोपऱ्यात ती किंचित सुटू लागली आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येईन. शेजाऱ्यांची गाडीही सोबत असेल. तिच्या दिव्यात आतून पाणी साचते, त्यामुळे आधी सील पाहावे लागेल, एवढे मी त्यांना सांगून ठेवले आहे.

आपला कृतज्ञ,
साखळी येथील एक वाहनचालक