आवाहन : ॲड्रिनल रुग्णांच्या घरच्यांसाठी जनुक तपासणी निधी

सप्रेम नमस्कार, वि. वि.

ॲड्रिनल, म्हणजे किडनीच्या डोक्यावर बसलेली ग्रंथी. तिच्या रुग्णांच्या घरच्यांची जनुक तपासणी करण्यासाठी गेल्या दिवाळीत आपल्यापुढे हात पसरला होता. प्रतिसाद फार थोडा आला. हा विषय आता सोडून द्यावा, असे कार्यकारिणीत काहींचे मत पडले. तरी पुन्हा लिहितो आहे, कारण आपल्या यादीतली काही मुले अजून तपासणीवाचून तशीच आहेत.

आधी, ज्यांनी रुग्णांना मदत करणारे आपले मंडळ आजवर उभे ठेवले त्यांचे ऋण. गोळे कॉलनीतल्या औषधविक्रेते बंधूंनी हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन ही या रुग्णांची औषधे खरेदीच्या भावात देण्याचा शब्द दिला आणि आजतागायत पाळला. बाजारात माल मिळेना तेव्हा त्यांच्यातल्या एकाने मुंबईहून औषध मागवले आणि रात्री दुकान उघडून आपल्या हातात ठेवले. जन्मजात ॲड्रिनल वाढीची, म्हणजे सीएएचची आपली बाळे त्यामुळेच औषधावाचून राहिली नाहीत. या आजारात बहुतेकांच्या सीवायपी२१ए२ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. कॉर्टिसॉल हे हार्मोन पुरेसे तयार होत नाही, म्हणून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ॲड्रिनलला सारखी कामाला जुंपते आणि ॲड्रिनल फुगत जाते. अंगात मीठ टिकत नाही अशा प्रकारात बाळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओकून ओकून निपचित पडते. पेठ तालुक्यातली एक माउली १० मिलिग्रॅमची गोळी ब्लेडने चार तुकडे करून, एक तुकडा चमच्यात चुरून बाळाला पाजते. तिच्या डब्याच्या झाकणावर आतून कागद चिकटवलेला आहे : 'ताप आला तर डोस दुप्पट-तिप्पट, उलटी झाली तर इंजेक्शन, लगेच दवाखाना.' तो कागद आपल्या डॉक्टर मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहून दिला. अशा किती जणींना त्यांनी लिहून दिले असतील!

प्रेसमधून निवृत्त झालेल्या नाशिकरोडच्या काकांनी कार्यालयात लोखंडी पलंग आणून दिला. त्यांना तेव्हा कोणी विचारलेही होते, पलंग कशाला? तर मेटानेफ्रिन, म्हणजे ॲड्रिनलच्या गाठीत रक्तात वाढणारे द्रव्य, त्याच्या तपासणीसाठी रुग्णाला किमान २० मिनिटे शांत पडून राहावे लागते, मगच रक्त घ्यायचे आणि लगेच बर्फात ठेवायचे. बसवून घेतले तर आकडा उगाच चढतो आणि घरचे हवालदिल होतात. दिंडोरी-निफाडकडचे बागायतदार माल गेला की न सांगता पाकीट पाठवतात, यंदा अवकाळीने बाग झोडपली तरी पाठवले. सातपूर-अंबडच्या कामगार बंधूंनी एक दिवसाचा पगार दिला. या सगळ्यांना मंडळ विसरणार नाही.

आता मूळ मुद्दा. या ॲड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होते. डोके ठणकणे, घामाने भिजणे, छातीत धडधड आणि एकदम चढणारे बीपी. आपल्या एका सिन्नरच्या बंधूंना वर्षानुवर्षे 'टेन्शन घेऊ नका' एवढेच ऐकायला मिळाले. शेवटी हर्नियासाठी टेबलावर घेतले तेव्हा बीपी असे उसळले की ऑपरेशन थांबवावे लागले. पुढे दोन्ही बाजूंना गाठी निघाल्या. अल्फा ब्लॉकर गोळ्या देऊन बीपी ताब्यात आणल्याशिवाय अशा गाठीला हात लावता येत नाही, हे तेव्हा सगळ्या घराला कळले.

या गाठीच्या दर ३ रुग्णांत साधारण १ जण जनुकातला बदल जन्मापासून घेऊन आलेला असतो. आरईटी, व्हीएचएल, एनएफ१, एसडीएचबी, एसडीएचडी ही त्यातल्या मुख्य जनुकांची नावे. आईवडिलांपैकी एकाकडे बदल असला, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. एसडीएचडीचे तर वेगळेच : बदल वडिलांकडून आला तरच बहुधा गाठ होते. आजीकडून आला म्हणून बाप ठणठणीत आणि मुलाला मात्र गाठ, असेही घडते. 'आमच्या घरात कोणाला नव्हते' एवढ्यावर भागत नाही. लहान मुलाला या ग्रंथीचा कर्करोग झाला, तर टीपी५३ या जनुकाची तपासणी व्हायलाच हवी. बेकविथ-वीडमन या जन्मजात विकाराच्या बाळांना, ज्यांची जीभ मोठी असते किंवा एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वाढते, पोटात गाठ होऊ शकते म्हणून सातव्या वर्षापर्यंत दर ३ महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी लागते. तिचा खर्चही याच निधीतून करायचा आहे.

सिन्नरच्या बंधूंच्या अहवालात आरईटी जनुकात बदल निघाला. मग त्यांच्या भावाची आणि मुलीची तपासणी मंडळाने केली. भाऊ मोकळा निघाला, म्हणजे त्याच्या पोरांनाही आता दरवर्षी सुया टोचायला नकोत. मुलीत बदल सापडला. आरईटीतल्या बदलात थायरॉइडचा कर्करोग जवळजवळ ठरलेला असतो, म्हणून तो पसरण्याआधीच तिची थायरॉइड काढली. ती आज शाळेत जाते, सकाळी एक गोळी घेते. जांभळ्या बुचाची एक नळी रक्त, एवढ्यावर हे झाले.

आणि याच कामाला पैसे मिळत नाहीत, याचे वाईट वाटते. ऑपरेशन म्हटले की नाशिककर धावून येतात, ते आम्ही पाहिले आहे. तपासणी म्हटले की 'ज्याला काही झालेच नाही त्याच्यावर खर्च कशाला?' असे तोंडावर विचारतात. एका मोठ्या संस्थेने सभेत टाळ्यांच्या गजरात शब्द दिला आणि नंतर आमचा फोन उचलला नाही. ऑपरेशनला शासकीय योजनेचा आधार मिळाला तरी धडधाकट दिसणाऱ्या भावंडांचा खर्च घरच्यांच्याच अंगावर पडतो. त्या घरात कमावता माणूस आधीच खाटेवर असतो हो!

यंदा ६ लाख रुपये जमवायचे आहेत. रुग्णाच्या पहिल्या पॅनेलला, म्हणजे अनेक जनुकांच्या एकत्र तपासणीला, १५ ते २५ हजारांच्या घरात खर्च येतो; बदल एकदा कळला की नातेवाइकांचे काही हजारांत भागते. चेक मंडळाच्या नावे, रोख कार्यालयात सायं. ६ ते ८ (सोमवार बंद), पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. रक्कम कितीही चालेल. नमुने मुंबईला नेण्यासाठी पंचवटी एक्सप्रेसचे पासधारक हवे आहेत, बर्फाचा डबा आपण देऊ. तपासणीआधी समुपदेशन होते, ते टाळू नये. रुग्णांची नावे कोणालाही सांगितली जात नाहीत, देणगीदारांनीही विचारू नयेत.

आपला स्नेहांकित,
चिटणीस, कार्यकारिणीच्या वतीने

ता. क. : ज्यांनी मागच्या वर्षी आकडा लिहवून घेतला होता आणि रक्कम राहून गेली, त्यांची नावे वहीत तशीच ठेवली आहेत. यंदा भरली तरी चालेल.