जुनी गाडी घाटात तपासू द्यावी

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी मी साताऱ्यात वापरलेली पेट्रोल मोटार विकत घेतली. विक्रेत्याने ती मला महामार्गावर चालवून दाखवली, इंजिनाचा आवाज नव्हता, मीटरवरचे अंतरही कमी होते आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले. पहिल्याच महिन्यात यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) वाढत असे, पण गाडीचा वेग वाढत नसे. क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, पार झिजलेली निघाली. सपाट रस्त्यावर हा दोष सहज झाकला जातो, चढावर तो लपत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, आपल्या भागात जुनी गाडी घेणाऱ्याने ती घाटातच पारखावी. चढ संपल्यावर तापमानाचा काटा कुठे आहे ते पाहावे. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून यावे आणि पायथ्याशी तो एकदम दाबून मागे कोणाला तरी पाहायला सांगावे. पेट्रोल गाडीत त्या क्षणी निळसर धूर निघाला, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल आत उतरून जळत असण्याचा संभव मोठा असतो. ऑटोमॅटिक गाडीबाबत तर अधिक सावध राहावे, कारण एएमटीमध्ये (साध्या गिअरबॉक्सचे क्लच व गिअर यंत्रानेच चालवणाऱ्या गाडीत) किंवा कोरड्या ड्युअल क्लचच्या (तेलात न बुडालेले दोन क्लच असलेल्या) गाडीत पाचगणीला जाताना पसरणी घाटात रविवारी लागणाऱ्या रांगेत इंच इंच सरकताना क्लच सतत घसरत राहतो व तापतो. अशा गाडीला चढावर सुटताना हिसके बसत असतील तर ती घेऊ नये. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलाच्या प्रवाहातून शक्ती पोचवणारा भाग) असलेल्या गाडीत गिअरबॉक्सचे तेल काळपट झाले असेल व त्याला जळकट वास येत असेल, तर आत झीज झाली आहे असे समजावे.

तत्पूर्वी इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहणे आवश्यक आहे. ग्राहक येण्याआधी गाडी गरम करून ठेवण्याची पद्धत सर्रास आहे आणि तसे झाल्यास सकाळची खडखड कानावरच येत नाही. बोनेटला हात लावून पाहिले तरी हे कळते. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग व खालचा ठोकळा यांमधील सील) खराब झाल्याची शंका घ्यावी. मीटरवरील आकड्यापेक्षा सर्व्हिसच्या पावत्यांवर नोंदलेल्या अंतरावर विश्वास ठेवावा.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आपल्या पत्राद्वारे माझी कळकळीची विनंती आहे की, ग्राहकाला स्वतःचा मिस्त्री बरोबर आणू द्यावा आणि इसार घेण्यापूर्वी गाडी एकदा घाटातून फिरवू द्यावी. इंधनाचा खर्च ग्राहक आनंदाने देईल. मला ती संधी मिळाली असती, तर क्लचचा दोष मला व्यवहारापूर्वीच कळला असता.

आपला,
एक वाचक, सातारा