आठ सामन्यांचा हंगाम

कोलंबस, ओहायो
13 जानेवारी 2021

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आठ मॅचचा कुठं हंगाम असतोय व्हय? आणि हरले म्हणून तू रडतीयास कशाला?" मला नीट सांगता आलं नाही. आमच्या विद्यापीठाची, ओहायो स्टेटची, फायनल संपली तेव्हा इथे मध्यरात्र झाली होती आणि बोलायचं म्हटलं तरी घसा दाटून येत होता. म्हणून आज बसून लिहिते आहे. आजीला वाचून दाखवा, पण आकडे गाळून दाखवलेत तरी चालेल.

तुम्हाला हा अमेरिकी खेळ फुटबॉल म्हणून पटत नाही, ते मला ठाऊक आहे. "हातात घेऊन पळत्यात आणि म्हणायचं फुटबॉल!" हे तुमचं पहिल्या वर्षापासूनचं म्हणणं. पण आबा, खेळ वेगळा असला तरी त्याच्याभोवतीची माणसं अगदी आपल्या पेठेतली आहेत. मॅचच्या दिवशी अख्खं गाव लाल कपड्यांत बाहेर पडतं. नदीकाठचं स्टेडियम घोड्याच्या नालेच्या आकाराचं आहे, 1922 सालचं, आणि त्यात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. माझ्या खोलीपासून ते चालत वीस मिनिटांवर आहे. आदल्या हंगामात खिडकी बंद असतानाही टचडाउन, म्हणजे इथला गोल, झाल्याचं मला आवाजावरून कळायचं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर गोल झाला की आपल्या गच्चीवर ऐकू यायचं, तसंच.

आणि हे खेळाडू म्हणजे कॉलेजची मुलं. फी माफ असते, राहण्या-जेवणाची सोय असते, पण पगार नाही. टीव्हीवाल्यांकडून येणारे कोट्यवधी डॉलर त्यांच्या हातात पडत नाहीत. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा, कारण मला सगळ्यात जास्त तेच टोचत होतं.

मार्चमध्ये करोनामुळे आमचे वर्ग बंद झाले. सगळं कॉम्प्युटरवर. 11 ऑगस्टला 'बिग टेन'ने, म्हणजे आमच्या भागातल्या चौदा विद्यापीठांच्या संघटनेने, हंगाम पुढे ढकलला. विद्यापीठांच्या प्रमुखांची मतं पडली 11 विरुद्ध 3. आमचं ओहायो स्टेट, नेब्रास्का आणि आयोवा, एवढेच तिघे खेळायचं म्हणत होते. मला तेव्हा तो निर्णय शंभर टक्के बरोबर वाटला होता. या आजारानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, अशी डॉक्टरांना भीती होती. मी स्वतः विद्यार्थ्यांना पडद्यावरून शिकवत असताना या मुलांनी मात्र मैदानात एकमेकांना धडका द्यायच्या, हे मला मान्य नव्हतं.

पण मुलांनाच खेळायचं होतं. आमचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स, म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुरू होते तो, त्याने खेळू द्या म्हणून इंटरनेटवर अर्ज टाकला आणि काही दिवसांत त्यावर तीन लाखांच्या आसपास सह्या झाल्या. खेळाडूंचे आईबाप शिकागोजवळ रोझमाँटला, संघटनेच्या कचेरीसमोर जाऊन उभे राहिले. दक्षिणेकडची विद्यापीठं तर खेळायची तयारी करतच होती. शेवटी 16 सप्टेंबरला निर्णय फिरला. अटी अशा, की प्रत्येक खेळाडूची रोज तपासणी करायची. ज्याला लागण होईल त्याने 21 दिवस सामना खेळायचा नाही आणि हृदयाची तपासणी झाल्याशिवाय परतायचं नाही. संघात लागण ठरावीक प्रमाणाबाहेर गेली तर सगळ्या संघाचा सराव बंद.

आबा, रोज सकाळी नाकात काडी घालून घ्यायची आणि मगच दिवस सुरू करायचा, असे वीस-एकवीस वर्षांच्या मुलांचे तीन-साडेतीन महिने गेले. आधी मी त्यांच्या खेळण्याच्या विरोधात होते, पण इतकं सोसून ती उभी राहिल्यावर मला त्यांच्या बाजूने उभं राहावंसंच वाटलं. दोन्ही गोष्टी मनापासूनच्या आहेत.

सुरुवात इतकी उशिरा झाली की आठ आठवड्यांत आठ सामने बसवले आणि मध्ये एकही मोकळा शनिवार ठेवता आला नाही. म्हणजे एखादा सामना रद्द झाला की तो गेलाच.

24 ऑक्टोबरला नेब्रास्काविरुद्ध पहिला सामना इथेच होता. 52-17 ने जिंकलो. आत फक्त खेळाडूंच्या घरच्यांना जाऊ दिलं होतं. मी नदीकाठाने चालत स्टेडियमपर्यंत गेले. शिट्टी ऐकू येत होती, लाउडस्पीकर ऐकू येत होता. बँड नव्हता. दरवर्षी तो बँड चालता चालता मैदानावर 'ओहायो' ही अक्षरं लिहितो आणि शेवटी मोठं वाद्य खांद्यावर घेतलेला एकजण ऐटीत जाऊन 'आय'वरचा टिंब होतो. तो टिंब व्हायला मिळणं हा इथे फार मोठा मान आहे. मी बाहेर उभी राहून त्या वर्षी हा मान ज्याला मिळायचा होता त्या मुलाचा विचार करत होते. मग थंडी वाजायला लागली आणि घरी आले.

आता आमच्या घरमालकीणबाईंबद्दल. मला खेळ त्यांनी शिकवला. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे यजमान, म्हणजे आजोबा, दोन वर्षांपासून वृद्धांच्या शुश्रूषागृहात आहेत. मार्चपासून बहुतेक भेटी काचेतूनच. बाई बाहेर खुर्ची टाकून बसायच्या, ते आत, आणि दोघं फोनवर बोलायचे. हंगाम सुरू झाल्यावर बाईंनी ठरवलं, की मॅचभर फोन चालू ठेवायचा, दोघांनी आपापल्या टीव्हीवर एकच सामना बघायचा. मला खाली बोलावलं. मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. बाई बघायच्या इंटरनेटवर, आजोबांकडे केबल. त्यामुळे त्यांना सगळं अर्धा मिनिट आधी दिसायचं! आमच्याकडे फील्ड्स अजून चेंडू हातात घेऊन उभा असायचा आणि फोनमधून आजोबांची आरोळी यायची. बाई कधी त्यांना गप्प राहा म्हणाल्या नाहीत. "सात महिन्यांत त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता," इतकंच म्हणाल्या.

पेन स्टेट, रटगर्स हरले. मेरीलँडचा सामना रद्द झाला, त्यांच्या संघात साथ शिरली होती. इंडियानाने घाम फोडला, 42-35. मग आमच्याच संघात लागण झाली, प्रशिक्षक रायन डे यांनाही, आणि इलिनॉयचा सामना गेला. मिशिगन स्टेटविरुद्ध डे घरी बसून होते, पुढच्या फळीतले तीन नेहमीचे गडी नव्हते, संघाला मैदानात उतरवलं लॅरी जॉन्सन या जुन्याजाणत्या साहाय्यकाने, तरी 52-12.

आणि मग 12 डिसेंबर, मिशिगन.

तुम्हाला कसं सांगू? आपल्याकडे फुटबॉलला पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ म्हटलं की तुम्ही जेवण अर्धं टाकून उठायचा, ते आठवा आणि त्यामागे दोन राज्यं उभी करा. त्या आठवड्यात विद्यापीठातल्या पाट्यांवरच्या 'एम' अक्षरावर लाल पट्टीची फुली मारलेली असते. मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या विजारीचं एक छोटंसं पदक मिळतं, 1934 पासूनची प्रथा. 1918 पासून हा सामना एकदाही चुकला नव्हता. 1918 म्हणजे तुमचे वडील जिला मानमोडी म्हणायचे त्या साथीचं साल. मानमोडीतही मॅच झाली होती आबा. दुसऱ्या महायुद्धात झाली. 1950 साली हिमवादळात झाली. या वर्षी चार दिवस आधी मिशिगनने कळवलं, आमच्याकडे रुग्ण वाढलेत, येऊ शकत नाही.

त्यांचा दोष नाही. पण त्या शनिवारी दुपारी बारा वाजता, सामना सुरू व्हायच्या वेळेला, बाईंनी नेहमीसारखा फोन लावला. टीव्ही बंद होता. मी खाली गेले तर बाई खुर्चीत बसलेल्या आणि फोनमधून आजोबा 1968 ची मॅच सांगत होते. ते तेव्हा स्टेडियमवर होते. कोणी कुठून चेंडू घेतला, कोण कुठे पडला, सगळं क्रमाने. मध्येच दम लागायचा, थांबायचे. बाई "मग?" म्हणायच्या. त्यांना ती मॅच पाठ असणार, पन्नास वर्षं ऐकली असणार, तरी प्रत्येक वेळी "मग?" 50-14 ला पोचायला त्यांना दीड तास लागला. मी पायरीवर बसून ऐकत होते आणि मला तुम्ही दिसत होता, ओट्यावर बसून डाव्या बाजूने कॉर्नरपर्यंत कसे पळालात ते हाताने दाखवणारे.

काल मी रडले ते त्या शनिवारसाठी, फायनलमध्ये अलाबामाकडून हरलो त्यासाठी नव्हे.

तेवढ्यावर हंगाम संपला नाही. बिग टेनच्या अंतिम सामन्यासाठी किमान सहा सामने खेळलेले असणं जरूर होतं आणि आमचे झाले होते पाच. 9 डिसेंबरला संघटनेने ती अटच काढून टाकली. तुम्ही म्हणाल, हंगामाच्या मधोमध नियम बदलतात होय? मलाही ते खटकलं. अट राहिली असती तर इंडियानाला संधी मिळाली असती आणि त्यांचा तोवर आमच्याविरुद्धचा तेवढा एकच पराभव होता. त्या मुलांना काय वाटलं असेल? आम्ही त्यांना हरवलं होतं, हे खरं. पण मनातली बोच जात नाही.

19 डिसेंबरला इंडियानापोलिसला नॉर्थवेस्टर्नवर 22-10. चेंडू झेलणारा आमचा हुकमी खेळाडू ख्रिस ओलावे लागणीमुळे बाहेर होता, आणि ट्रे सर्मनने एकट्याने चेंडू घेऊन 331 यार्ड पळून दाखवले. आमच्याच एडी जॉर्जचा 1995 चा 314 चा विक्रम मोडला.

मग उपांत्य फेरी, नव्या वर्षाच्या पहिल्या रात्री न्यू ऑर्लिन्सला, क्लेमसनविरुद्ध. क्लेमसनच्या प्रशिक्षकाने आपल्या क्रमवारीत आम्हाला अकरावं ठेवलं होतं, कारण आम्ही सहाच सामने खेळलो होतो. पहिल्या अर्ध्यातच फील्ड्सच्या बरगडीवर असा जबरदस्त आघात झाला, की तो वाकडा होऊन पडला. बाईंनी डोळे मिटले. फोनमध्येही शांतता. तो उठला, एक चाल बाहेर बसला आणि परत आला. त्या रात्री त्याने टचडाउनचे सहा पास दिले. 49-28! आजोबा ओरडले, आणि अर्ध्या मिनिटाने आम्ही. त्या घरात मी इतक्या मोठ्याने कधी हसले नव्हते.

अलाबामाचं काय सांगायचं. ते सप्टेंबरपासून खेळत होते, फायनलला आले तेव्हा बारा सामने जिंकून. आमचे सात. पहिल्याच चालीत सर्मन जखमी होऊन गेला. बचावफळीतले टॉमी टोगियाई आणि टायरीक स्मिथ मैदानात नव्हते. त्यांच्या डेव्होन्टा स्मिथने मध्यंतरापर्यंतच 12 झेल, 215 यार्ड, 3 टचडाउन केले. 52-24. पूर्ण संघ असता तरी बहुधा हरलो असतो, इतके ते भारी होते. आजोबा तिसऱ्या भागात झोपले. त्यांच्या श्वासाचा आवाज फोनमधून येत होता. बाईंनी शेवटपर्यंत फोन ठेवला नाही.

या वर्षाचा हंगाम खेळाडूंच्या हिशोबात धरायचा नाही, असं राष्ट्रीय संघटनेने ठरवलंय, म्हणजे ज्यांचं शेवटचं वर्ष होतं त्यांना अजून एक मिळू शकतं. काहीजण थांबतील, बरेचजण व्यावसायिक संघांकडे जातील. जे जातील त्यांचं या हंगामात मिशिगनला घरच्या मैदानावर हरवायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. पुढचा सामना मिशिगनच्या गावी आहे.

आपल्या पेठेचं काय? शाहू स्टेडियमवर सराव सुरू झाला का? तुम्ही मात्र गर्दीत जाऊ नका, मैदानाच्या तारेजवळ तर अजिबात नाही. लस तुमच्या वयाला मिळायला लागली की पहिल्या रांगेत उभे राहा. इथे शुश्रूषागृहांत लस द्यायला लागलेत. बाई रोज फोन करून विचारतात, यांचा नंबर कधी.

उद्या संक्रांत. इंडियन दुकानात गूळ मिळाला, तीळ घरात होते. काल तिळाच्या वड्या केल्या, जरा कडक झाल्यात. आजीला विचारा, पाक कुठे चुकला असेल. चार बाईंच्या दारात ठेवून आले. तासाभराने माझ्या दारात डबा. आत त्यांनी केलेले बकाय, म्हणजे शेंगदाण्याच्या लोण्याचे चॉकलेटमध्ये बुडवलेले लाडू, इथल्या झाडाच्या बीसारखे दिसतात ते. संघाचं नावही त्याच बीवरून. डब्यावर चिठ्ठी होती, की दोन वड्या त्यांनी यजमानांसाठी पाठवल्यात, आणि त्यांना दातांनी चावायला जमत नाही म्हणून नर्सबाई बारीक करून देणार आहेत.

रविवारी तुमच्या सकाळी सातला फोन करेन. तेव्हा मला तुमची ती डाव्या बाजूची मॅच पहिल्यापासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही.

तुमची नात