माशाला गिऱ्हाईक नाही

पुणे,
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय दिग्या,

तुझे दोन फोन मी उचलले नाहीत, तिसरा तू केला नाहीस. रागावला असशील तर रागव, पण हे शेवटपर्यंत वाच. फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला हसला असतास आणि मी फोन ठेवून दिला असता. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे, आईचा गुडघाही.

तर, मासा.

मंडळाने यंदा मत्स्यावतार करायचं ठरवलं. थर्माकोलवर 2018 पासून बंदी, कापड परवडत नाही, म्हणून पोरं माझ्याकडे आली: सर, तुम्ही चित्रकलेचे, काहीतरी सुचवा. मी सुचवलं. बारा फुटी मासा, नुसत्या रिकाम्या बाटल्यांचा. वर अटी घातल्या. बाटल्या घराघरांतून यायच्या आणि प्रत्येक घरातल्या एकाने तरी मंडपात येऊन एक खवला कापायचा. आता खरं सांगतो, ही अट घालताना डोळ्यांसमोर तू होतास. चंडीगडच्या त्या लॉजमध्ये आपण रात्रभर भांडलो होतो ना? तू म्हणत होतास की नेकचंदने 1957 पासून चोरून, एकट्याने, फुटक्या बांगड्या आणि मोडकी संडासाची भांडी गोळा करून जे रॉक गार्डन उभं केलं ते लोकांना विचारत बसला असता तर तिथे आज एक कारंजं आणि दोन बाकडी असती. मी म्हणत होतो, लोकांचा हात लागल्याशिवाय कचऱ्याकडे बघायची नजर बदलत नाही. (माझी नक्कल तू अजून करतोस, मला माहीत आहे. पम्याने सांगितलं.) तीस वर्षांनी ते भांडण जिंकायला मी निघालो होतो.

लोकांचा हात लागला, दिग्या. असा लागला की आवरेना. अ विंगच्या बाटल्या जास्त झाल्या म्हणून ब विंगने पाहुण्यांना बोलावून थंडा पाजला. तात्यांनी दोन खोकी पाणी विकत आणलं, सगळं तुळशीत ओतलं आणि रिकाम्या बाटल्या वाजतगाजत आणून दिल्या. तुळस कुजली. आषाढापासून श्रावण संपेपर्यंत माझ्या वहीत 2,600 बाटल्या जमा झाल्या.

काम सुंदर झालं होतं, हे मात्र तू मान्य करशील. थंडपेयाच्या बाटलीचा तळ कधी नीट पाहिलायस? पाच पाकळ्या असतात. आतल्या गॅसचा दाब सोसायला तशा केलेल्या. तळ कापून उलटा लावला की खवला तयार. लहान पोरं कात्री चालवायची, आज्या पाकळ्यांच्या कडा इस्त्रीला टेकवून गोल करायच्या, मी गरम गोंदाच्या बंदुकीने एकेक चिकटवत वर चढायचो. मग चांदी रंगाचा फवारा, पोटाला निळा, कल्ल्यांना चमकी. रात्री दिवे सोडले की मासा पोहतोय असं वाटायचं. पेपरात फोटो आला. वर मथळा तोच, आपल्या हस्तव्यवसायाच्या तासापासूनचा: टाकाऊतून टिकाऊ.

टिकाऊ झाला यात शंका नाही.

विसर्जन झालं, मांडव उतरला, मासा मंडळाच्या खोलीमागे. पाऊस पडला, पाकळ्यांत पाणी साचलं, आठ दिवसांत डासांच्या अळ्या. हटवा म्हणून नोटीस आली. मी निर्धास्त. आपल्याकडे रोज कचरा न्यायला येणारी, 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेची मावशी आहे ना, तिला म्हटलं, मावशी, हा सगळा माल तुमचा. आणि बघ, मी हे म्हणताना हात असा पसरला होता, दान केल्यासारखा. तो हात मला आता झोपू देत नाही.

मावशी माशाभोवती एक फेरी मारून आली. एक खवला उपटला, नखाने रंग खरवडला, गोंदाचा ठिपका दाबून पाहिला.

"सर, ह्ये कोन घेनार?"

मग तिने मला शिकवलं, जवळजवळ तासभर. तुला माहीत आहे, ही बाई 1993 ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना निघाली तेव्हा आईच्या पदराला धरून सभेला गेलेली आहे. तिने पिशवीतून एक साधी बाटली काढली. झाकण फिरवून काढलं, मानेभोवतीचं कडं पात्याने तोडलं, वेष्टन एका ओढीत फाडलं, बाटली पायाखाली दाबली. सगळं मिळून दहा सेकंद नसतील. मग माझीच रंगाची बादली विसळून त्यात पाणी घेतलं आणि बाटलीचा तुकडा आणि झाकण दोन्ही टाकलं. तुकडा बुडाला. झाकण तरंगलं. "कारखान्यात बी हेच करत्यात. बुडल ते बाटलीचं, तरंगल ते झाकनाचं." बाटलीच्या चुऱ्याचा धागा होतो, गाद्या-उशांत भरायला, कापडाला. पण त्यात रंग गेला की धागा मळका, गोंद गेला की चिकट आणि पिवळा. आणि मी कल्ल्यांना जी पारदर्शक खोकी कापून लावली होती त्यातली काही पीव्हीसीची, म्हणजे वेगळ्याच प्लास्टिकची निघाली. ती तिने नुसती चुरगाळून आवाजावर ओळखली. बाटल्यांबरोबर ती वितळायला गेली तर जळून काळे ठिपके पडतात, सगळा घाणा वाया. मी जे. जे.चा डिप्लोमा घेतलेला माणूस बादलीकडे बघत उभा.

इथपर्यंत मी सोसलं असतं. पण जाता जाता ती सहज म्हणाली, "तरीच सरावनात बाटली कमी पडली. मला वाटलं, पावसाचं लोक थंड कमी पित्यात."

दिग्या, त्या 2,600 बाटल्या तिच्या होत्या रे. साठएक किलोचा माल. घराघरांतून ज्या बाटल्या तिच्या पोत्यात जायच्या, त्या दोन महिने मी लोकांना हात जोडून माझ्याकडे वळवल्या, रंगवल्या, चिकटवल्या आणि कचरा केला. त्या आधी कचरा नव्हत्याच. पेठेतल्या प्रत्येक घराचा हात लागला पाहिजे म्हणून मी याद्या केल्या, विंगवार. त्या यादीत सगळे होते, तुळस कुजवणारे तात्यासुद्धा. हे काम पोटासाठी रोज करणारी एकच बाई आमच्या आवारात येते आणि तिला मी विचारलं नाही. गणपतीत ती आली होती, मूर्तीला हात जोडले, माशाकडे पाहिलं आणि गेली. मला वाटलं, भारावली.

हसू नकोस. हसलास ना?

पैसे दिले. मोडीच्या भावाने हिशोब करून, पाकिटात घालून, अगदी लग्नात देतात तसे. तिने तिथेच पाकीट फोडलं, मोजले, कमरेला लावले आणि विचारलं, "आन ह्ये तोडायचं कोन बघनार?" त्याचे वेगळे झाले. गोंद न लागलेला चार पोती माल निघाला. शेपूट अजून खोलीत आहे, ती कुणालाच सुटेना.

आता खरी अडचण. फोटोमुळे मंडळाला चटक लागलीय. पुढच्या वर्षी वीस फुटी देवमासा, म्हणतात, प्रायोजकही आहे. मी नाही म्हटलं तर ते त्या सजावटवाल्याला बोलावतील, तो नव्या कोऱ्या बाटल्या आणेल. तू मागे पाठवला होतास तो सारासेनो या कलावंताचा प्रकार पोरांना दाखवला, 2007 पासून ते लोक वापरलेल्या पिशव्या जोडून अवाढव्य फुगा करतात आणि आतली हवा नुसत्या उन्हाने तापून तो वर जातो. पोरं वेडी झाली. पण आपल्याकडे पिशव्यांवर बंदी, म्हणजे पिशव्या नाहीतच. दुसऱ्या दिवशी पोरांनी तीनशे आणल्या, निव्वळ मंडईतून. पुढे काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

माझ्या डोक्यात दुसरंच आहे. रांगोळी. झाकणांची. मावशीकडून आणि भंगारवाल्याकडून वजनावर उधार घ्यायची, रंगवार मांडायची, गोंद नाही, फवारा नाही, आणि पाचव्या दिवशी पोरांनीच रंग-रंग वेगळे करून पोत्यात भरून परत करायची. निवडलेल्या मालाला भावही बरा येतो म्हणे. शेजारी पाण्याची बादली. मावशी शिकवायला बसेल, मानधन घेऊन. तिने दर आधीच सांगितलाय, माझ्या शाळेतल्या तासापेक्षा जास्त आहे. पण मग रात्री वाटतं, याला मी कशाला हवा? ही तर नुसती निवडणी, ती रोज करते, फक्त दिवे नसतात. आणि तिला मांडवात बसवायचं म्हणजे पुन्हा एक देखावाच नाही का, माशाऐवजी बाई? तिला हे विचारलं तर म्हणाली, "बसायला खुर्ची द्या म्हंजी झालं." तू यावर काहीतरी खवचट बोलशील. मला तेच ऐकायचं आहे, पण आधी दोन दिवस विचार कर.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? हे आधी विचारायला हवं होतं. चिनूला कुठे मिळाली अॅडमिशन? बदली रद्द झाली म्हणे, पम्या म्हणाला. बरं झालं की वाईट ते तूच सांग.

दिवाळीत येतोयस असं धरून चालतो. मिठाई नको, शुगर. झाकणं आण. नुसती झाकणं, बाटल्या तुमच्या तिथल्या कचरेवालीला दे. पांढऱ्यांचा इथे ढीग झालाय, निळी बघ.

तुझा,
बाळ्या